सराफ नाकारतो तो हिरा



 आखाडा बाळापूरचा हा मुलूख एकेकाळी निजामाचा. शेवटच्या निजामाने १८४ कॅरटचा जेकब हिरा टेबलावर कागद दाबायला वापरला, असं सांगतात. आपण या परिषदेत हिऱ्याचा त्याहून बरा उपयोग शोधायला जमलो आहोत.

हिऱ्यात सराफ ज्याला खोट म्हणेल, तीच आपल्या कामाची. कार्बनच्या जाळीत नायट्रोजनचा एक अणू आणि त्याला लागून एक रिकामी जागा. तिथे हिरवा लेसर टाकला की तांबडा प्रकाश येतो. जोडीला मायक्रोवेव्ह दिल्या, तर त्या प्रकाशाच्या चढउतारावरून चुंबकीय क्षेत्र मोजता येतं, तेही खोलीच्या तापमानाला. पण हिऱ्याचा अपवर्तनांक २.४. ज्या गुणामुळे अंगठीतला खडा झळकतो, त्यानेच हा तांबडा प्रकाश बराचसा आत कोंडतो. म्हणून हिऱ्यातच केसाहून बारीक वाट कोरून प्रकाश बाहेर न्यायचा. इतका कठीण पदार्थ कोरतात ऑक्सिजनच्या प्लाझ्माने. शेवटी तो कार्बनच, वायू होऊन निघून जातो. खरी पंचाईत वेगळी आहे. चिपसाठी सिलिकॉनची चकती ताटाएवढी मिळते, चांगला एकस्फटिकी हिरा सहसा काही मिलिमीटरचा. त्यामुळे हिरा सिलिकॉनला हटवेल, असं मला वाटत नाही. त्याची जागा सिलिकॉनच्या शेजारी.

हे काम परदेशातच चालतं असंही नाही. आयआयटी मुंबईत प्रा. कस्तुरी साहा यांचा गट हिऱ्यातले हेच दोष वापरून सूक्ष्मदर्शक घडवतो. चिपच्या आतले विद्युतप्रवाह त्यांच्या चुंबकीय क्षेत्रावरून पाहणारं उपकरण बनवण्यासाठी २०२४ मध्ये टीसीएस ही कंपनी त्यांच्यासोबत आली.

मग परिषद बाळापुरात कशाला? एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने, असे संवेदकही ज्यात येतात ते ६,००३ कोटींचं क्वांटम मिशन मंजूर केलं. त्याच महिन्यात आमच्या जिल्ह्यातल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेलाही २,६०० कोटींची मंजुरी मिळाली. औंढा तालुक्यात दुधाळ्याला चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा उभ्या राहायच्या आहेत. तिथले मुख्य आरसे हिऱ्याचे नाहीत, सिलिकाचे. पण लेसर नीट जुळवणारे हात दोन्हीकडे लागतात, आणि ते हात फक्त बाहेरून यावेत हे मला पटत नाही.

मागच्या रांगांत आमची बीएस्सीची मुलं बसली आहेत. बाहेरगावाहून आलेल्या संशोधकांनो, जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याशी मराठीत बोला, आणि या उन्हाळ्यात आपल्या प्रयोगशाळेत त्यांच्यातल्या एकदोघांना कामाला घ्या. यजमान म्हणून एवढंच मागणं.