राबलेलं अंग, कमावलेलं अंग

(हिंगोलीत तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे.)



मला विषय दिलाय व्यायामाचा. फळ्यावर तो वाचून काहींनी तोंड वाकडं केलं, ते मी बघितलं. अत्याचारावर बोला, आरक्षणावर बोला, हा गडी काय दंड-बैठका सांगतो! सांगणार. कारण आपल्यातली माणसं पन्नाशीच्या आत जायला लागलीत. कुणी शुगरनं, कुणी अटॅकनं, कुणी बाटलीनं. मग शोकसभा होते, फोटोला हार पडतो आणि आपण म्हणतो, चळवळीची हानी झाली. त्याचं बीपी कुणी कधी मोजलं होतं का, हे कुणी विचारत नाही.

व्यायाम हा शब्द आपल्या घरात काढला की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत असताना मी म्हणलो, सकाळी पळायला जातो. बाप म्हणला, "पळायची लई हौस आली का? मंग चल हळदीत." बाप चूक बोलत नव्हता. वसमतच्या, हिंगोलीच्या बाजारात पिवळीधमक हळद पोत्यानं येते, तिच्यामागं किती पाठी वाकलेल्या असतात ते आपल्याला माहीत आहे. खणायची, माती झटकून वेचायची, कढईवर शिजवायची, वाफ तोंडावर घेत उपसायची, वाळवायची, घोळायची. माय दिवसभर उकिडवी. रात्री गुडघ्याला तेल चोळत बसायची. अशा बाईला 'बाई, थोडा व्यायाम करा' म्हणणारा डॉक्टर भेटला, की आपलं डोकं फिरतं.

पण इथंच घोळ आहे. आपण धरून चाललो की राबलं म्हणजे व्यायाम झाला. मराठीत बघा, लोक शरीर 'कमावतात'. पैसा कमवावा तसं. मजुराच्या अंगाला मात्र कुणी कमावलेलं अंग म्हणत नाही. त्याचं अंग झिजतं. घाम दोन्हीकडं गळतो, पण एकाचा त्याच्या स्वतःच्या खात्यात जमा होतो, दुसऱ्याचा मालकाच्या.

हे मी हवेतलं बोलत नाही. २०२१ साली डेन्मार्कच्या कोपनहेगनमधला एक अभ्यास छापून आला. एक लाख चार हजार माणसं, सरासरी दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलेलं. फावल्या वेळात जे पळत होते, खेळत होते, सायकल मारत होते, त्यांच्यात हृदयविकार आणि मरण कमी दिसलं. आणि कामावर ज्यांना जास्तीत जास्त अंगमेहनत होती, त्यांच्यात ते जास्त दिसलं. सिगारेट, दारू, शिक्षण, मिळकत हे सगळं हिशेबात धरूनसुद्धा. यावर शास्त्रज्ञांत वाद चालू आहे, सगळ्यांना हा निष्कर्ष पटलेला नाही. पण आपल्या वस्तीत उभं राहून बघितलं तर तो खोटा वाटत नाही.

कारण समजून घ्या. पळताना काळीज वीस-तीस मिनिटं जोरात चालतं आणि मग विसावतं. त्या विसाव्यात स्नायू भरून येतात, काळीज घट्ट होतं. आपल्या जिल्ह्यातली कुटुंबं हंगामात ऊसतोडीला जातात. तिथं कोयता पहाटेपासून चालतो. रक्तदाब दिवसभर चढलेला. त्याच अंगाला वाकायचं, त्याच डोक्यावर मोळी, रात्री गाडी आली की उठून भरायची. विसावा मिळणार मुकादमाच्या मर्जीनं. पोटात भाकर आणि ठेचा. अंगाला काम आहे, पण दुरुस्तीला ना वेळ, ना अन्न, ना झोप.

आता कुणी म्हणेल, मग कामानं कधीच फायदा होत नाही का? होतो की. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापली. पगार, वस्ती, वर्ग जवळपास तोच. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर जिना वर-खाली करणारा. हृदयविकार कंडक्टरांत कमी. म्हणजे चढउतार असलेलं, अधूनमधून दम खाऊ देणारं काम अंगाला मानवतं. मोळी वाहणं त्यातलं नाही.

हे झालं बापाचं. तुमचं काय? तुम्ही आता हळदीत नाही. तुम्ही नांदेडला, पुण्याला, संभाजीनगरला अभ्यासिकेत बसता. दहा तास खुर्ची, मग खोलीवर पडून मोबाइल. कुणी कॉल सेंटरला, कुणी गाडीवर पार्सल पोचवतो आणि त्यालाच हालचाल समजतो. बापाची मेहनत गेली, तिच्या जागी काहीच आलं नाही. २०२२ सालच्या आकड्यांवरून जागतिक आरोग्य संघटनेनं काढलेला हिशेब सांगतो की भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. बायकांत हे प्रमाण ५७ टक्के. आणि २०२३ ला आयसीएमआरच्या पाहणीनं देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण सांगितले. साहेबलोकांचा रोग म्हणून हसायचे दिवस गेले.

आणि आपल्याला तो लवकर गाठतो, त्याचीही एक कथा आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची लेकरं यांचा अभ्यास केला. तिथली लेकरं जन्मतः सरासरी २.७ किलोची. इंग्लंडच्या लेकरांपेक्षा बारीक. पण ही लेकरं बारीक झाली ती मांसानं. चरबी त्या मानानं टिकून राहिली. दिसायला काडी, आतून चरबी. असं अंग पुढं शुगरला चटकन बळी पडतं. म्हणजे आज्जी-पणजीच्या उपासमारीचा हिशेब आपल्या रक्तात लिहिलेला आहे, आणि वरून आपण खुर्चीत बसलो. आरशात बघून 'मी तर बारीक आहे' म्हणणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवा.

इलाज महाग नाही. चालणारा स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो, त्याला इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललात तरी साखर कमी चढते. आठवड्याला दीडशे मिनिटं झपाझप चालणं, किंवा पंच्याहत्तर मिनिटं पळणं, आणि दोन दिवस जोर-बैठकांसारखं ताकदीचं काही. इतकंच मागणं आहे. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, हा वेग. घड्याळ-पट्टा लागत नाही.

मग आपण का करत नव्हतो? आळशी होतो? थोडा इतिहास बघा. गावची तालीम कुठं असायची? मारुतीच्या देवळाला चिकटून. ज्याला पायरीवर बंदी, तो लाल मातीत कसा उतरणार? कुस्तीत अंगाला अंग लागतं, आणि आपलं अंग लागलं की बाटणार. म्हणून पुण्यातल्या लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम मला मोठी वाटते. १७९४ चा जन्म, जात मांग. त्यांच्या तालमीत दांडपट्टा शिकायला जोतीराव फुले येत होते. विद्या असली की सवर्णाला मांगाच्या आखाड्यात यावं लागतं, हे त्या मातीनं दाखवलं.

दुसरा पाळवणकर बाळू. चांभाराचा पोरगा. पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखायचा, साहेबांना बॉल टाकायचा. पुढं हिंदूंच्या संघात घेतला, कारण त्याच्याशिवाय जिंकता येईना. पण चहाच्या वेळेला याला मातीच्या कुल्हडात चहा, तोही बाहेर. १९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला तेव्हा या माणसानं ११४ बळी घेतले. त्याचा भाऊ विठ्ठल १९२३ ला हिंदू संघाचा कप्तान झाला. मैदानावर हात चालला म्हणून जात थोडी तरी मागं सरकली. (१९३७ ला हाच बाळू बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभा राहिला आणि पडला, ते वेगळं राजकारण. त्यानं त्याची बॉलिंग लहान होत नाही.)

आता एक कडू बोलतो, ऐकून घ्या. जयंतीला आपण 'अठरा तास अभ्यास' ठेवतो. पोरं-पोरी पहाटेपासून रात्रीपर्यंत बसतात. चांगला उपक्रम. पण बाबासाहेबांच्या आयुष्याचा अर्धाच भाग आपण उचलला. त्यांना मधुमेह होता, रक्तदाब होता, पायाच्या दुखण्यानं झोप लागत नव्हती. १९४८ साली माईसाहेबांशी लग्न झालं तेव्हाच तब्येत ढासळलेली होती. धम्मदीक्षेनंतर दोन महिनेसुद्धा मिळाले नाहीत, पासष्टाव्या वर्षी गेले. 'आणखी दहा वर्षं जगले असते तर' हे वाक्य प्रत्येक सहा डिसेंबरला मी ऐकतो. त्यांच्यापुढं डोंगराएवढं काम आणि माणूस एक, त्यांना इलाज नव्हता. आपण हजारो आहोत. आपल्यापैकी कुणाला अठरा तास बसायची सक्ती आहे? त्यातला एक तास पळायला काढा, सतरा तास अभ्यास करा. बाबासाहेब रागावणार नाहीत.

आणि बुद्धाचं विचाराल तर तो माणूस पंचेचाळीस वर्षं चालत होता. भिक्खूंना चंक्रमण सांगितलं, त्याचे पाच फायदे सांगितले. त्यातले बघा: लांबच्या वाटेची ताकद येते, अंग निरोगी राहतं, खाल्लेलं पचतं. अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे बोलणं कुठल्याही दवाखान्याच्या भिंतीवर चालेल. विहारात आपण डोळे मिटून बसायला शिकवतो, चालायला कोण शिकवतो?

हिंगोलीत पहाटे साडेचारला रस्त्यावर कोण असतं? भरतीची पोरं. इथं राज्य राखीव दलाचा गट आहे, त्या वर्दीचं स्वप्न खेड्याखेड्यात आहे. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शंभर मीटर आणि गोळा. आपली पोरं डांबरी रस्त्याच्या कडेनं, अंधारात, फाटक्या बुटात पळतात. ट्रक अंगावर येतो. नडगी दुखते तरी थांबत नाहीत. मला त्यांचा अभिमान आहे. दोन गोष्टी मात्र खटकतात. एक, ताकदीच्या गोळ्या आणि इंजेक्शन. कुणीतरी दुकानदार देतो, पोरगं टोचून घेतं. पळता पळता काळीज बंद पडेल, बाबांनो. उकडलेलं अंडं, फुटाणे, शेंगदाणे, डाळ खा. दुसरं, भरती हुकली की त्याच दिवशी बूट फेकून देतात. वर्षभर कमावलेलं अंग सहा महिन्यांत पान टपरीवर मोडतं. सरकारला तुझं अंग नको झालं म्हणून तुलाही नको झालं का?

आणि पोरी. आपल्या बायका घराबाहेर पडतात त्या पाण्याला, सरपणाला, कामाला. नुसतं स्वतःसाठी बाहेर पडलेली बाई बघितली की वस्ती कुजबुजते, आणि हे कुजबुजणारे आपलेच पुरुष असतात, गावचा पाटील नव्हे. भाषणात सावित्रीमाय आणि पहाटे पळणाऱ्या बहिणीला 'कुठं चाललीस?' हे जमणार नाही. चार-पाच पोरींनी मिळून जा. भावानं सोबत जायचं असेल तर पळत जावं, राखण करत नव्हे.

आता जागेचं. वस्ती सुधारायच्या पैशात रस्ता होतो, नाली होते, समाजमंदिर होतं. कुठं कुठं ओपन जिमची लोखंडी यंत्रं येतात, वर्षभरात त्यांची सीट गायब. आपल्याला यंत्रं नकोत, मोकळी जमीन पाहिजे. कबड्डीला, खो-खोला, आट्यापाट्याला काय लागतं? माती आणि फकी. सरकारी शाळेचं मैदान सकाळी सहा ते आठ कुलपात का असतं? नगरपालिकेला, ग्रामपंचायतीला लेखी मागा. पोच घ्या. एक दिवा, एक नळ, बायकांसाठी संडास, हे अर्जात लिहा. १९७९ ला नामांतरासाठी नागपूरहून औरंगाबादकडं लाँग मार्च निघाला, माणसं शेकडो मैल चालायला निघाली होती. आपल्याला मैदानापर्यंत चालायचंय.

सोमवारपासून सुरू करू. ऊन इथं मरणाचं, म्हणून साडेसातच्या आत उरकायचं. पहिले पंधरा दिवस पळायचं नाही, फक्त चालायचं, मग एक खांब पळत, एक खांब चालत. ज्यांना शुगर-बीपी आहे किंवा छातीत दुखतं, त्यांनी आधी सरकारी दवाखान्यात दाखवून यावं. म्हाताऱ्यांना सोबत घ्या.

आणि शेवटचं. डीजे आल्यापासून आपली लेझीम पथकं मोडली. लेझीम म्हणजे तासभर पाय, कंबर, खांदा, दम, सगळं एकदम. आणि पन्नास जण एका ठेक्यात. यंदाच्या जयंतीला पथक उभं करायचं आहे, पोरा-पोरींचं मिळून. जुन्या लेझीम कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत गंजत पडल्यात, ते आज जेवायच्या सुट्टीत माझ्याकडं लिहून द्या. हलगीवाल्याशी मी बोललोय.