डाव्या हाताची शिकवणी

घरी पेटी वाजवलेला मराठी माणूस पहिल्यांदा पियानोसमोर बसतो, तेव्हा त्याचा उजवा हात निर्धास्त असतो. पट्ट्यांची मांडणी ओळखीचीच असते. दोन काळ्या, मग तीन काळ्या, पुन्हा दोन. पांढरी एक कोणती आणि काळी चार कोणती, हे त्याला सांगावं लागत नाही. एखाद्या आरतीची चाल तो थोड्याच वेळात बोटांवर आणतो. अडतो तो डावा हात. इतकी वर्षं या हाताने भाता सांभाळलेला असतो आणि इथे भाता नाही.

परदेशातल्या मंडळांत आज पियानो शिकणारे पुष्कळ आहेत. शनिवारी शिकवणीला जाणारी मुलं आहेत, तसेच नोकरीतून निवृत्त झाल्यावर हौसेने बसणारेही आहेत. या दोघांचं पहिलं वर्ष बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतं. उजवा हात गाणं वाजवतो आणि डावा त्याच्यामागे फरफटत येतो. म्हणून नवशिक्याने सुरुवातीपासून अधिक लक्ष द्यायचं ते डाव्या हाताकडे.

आधी वाद्य समजून घ्यायला हवं. पेटीचा आवाज लहानमोठा होतो तो भात्याने. पट्टी हळू दाबली की जोरात, याने फारसा फरक पडत नाही. पट्टी दाबून ठेवली आणि हवा मिळत राहिली, की सूर टिकतो. पियानोचं उलट आहे. पट्टी खाली जाते तेव्हा आत नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आदळते आणि तत्क्षणी मागे येते. पट्टी किती वेगाने खाली गेली, त्यावर आवाजाचं मान ठरतं. सूर उमटल्या क्षणापासून विरायला लागतो. फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास ही यंत्रणा साधली. त्याने १७२० मध्ये बनवलेला पियानो न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्या बाजूला राहणाऱ्यांनी तो आवर्जून पाहावा. थोडक्यात, पेटीवर जे काम एकटा डावा हात भात्याने करत होता, ते पियानोवर दहाही बोटांत वाटलं गेलं आहे. प्रत्येक बोटाला स्वतःचा जोर स्वतःच मोजून लावावा लागतो. करंगळीलासुद्धा.

त्यात वाद्याचा पल्ला मोठा. ८८ पट्ट्या, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. सात सप्तकांहून थोडं अधिक. त्यातला खर्जाकडचा सगळा मुलूख डाव्या हाताचा. पाश्चात्त्य स्वरलिपीत त्याचे सूर खालच्या पाच रेघांवर लिहिलेले असतात आणि तिथे रेघांचे सूर वरच्यापेक्षा वेगळे असतात. नवशिके वरच्या रेघा वाचतात आणि खालच्या अंदाजाने वाजवतात. ही सवय एकदा लागली की सुटायला फार जड जाते.

बोटांच्या क्रमांकांतही गंमत आहे. दोन्ही हातांचा अंगठा एक आणि करंगळी पाच. पांढरी एकपासून शुद्ध स्वरांचा आरोह घेतला, तर उजव्या हाताची बोटं १-२-३-१-२-३-४-५ अशी पडतात आणि डाव्याची ५-४-३-२-१-३-२-१. म्हणजे उजव्याचा अंगठा मध्यमावर बोटांखालून सरकतो, तर डाव्याचं मधलं बोट धैवतावर अंगठ्यावरून पलीकडे जातं. दोन्ही हात एकाच वेळी वर चढवले की इथेच घोटाळा होतो. हेच स्वर दोन्ही हातांनी एकमेकांपासून दूर जात वाजवावेत, उजवा वर आणि डावा खाली. मग दोन्ही अंगठे एकाच क्षणी सरकतात आणि हात एकमेकांना शिकवायला लागतात. बरीच पुस्तकं सरळ आरोह आधी देतात. विरुद्ध दिशेचा आधी द्यायला हवा.

शोपॅंने तर पांढरी एकपासून सुरुवातच टाळली. पियानो शिकवण्याची जी पद्धत तो लिहायला बसला होता, ती अपुरी राहिली. पण हाताची ठेवण कशी असावी ते त्यात आलं आहे. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पाच बोटं पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, काळी पाच आणि पांढरी सात यांवर ठेवायची. मधली लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा-करंगळी पांढऱ्यांवर पडतात, त्यामुळे हात आपोआप गोलाईत येतो. शोपॅं विद्यार्थ्यांना आधी पांढरी सातची सप्तकं देई. वाचायला हे अवघड, कारण त्यात पाचही काळ्या पट्ट्या लागतात. हाताला मात्र सोपं. या सप्तकात दोन्ही अंगठे पांढरी तीनवर बरोबर एकाच वेळी येतात. पेटी वाजवणाऱ्यांना काळ्या पट्ट्यांची भीती नसतेच. त्यांनी शोपॅंची वाट बेलाशक धरावी.

डाव्या हाताकडे मोठ्यांनी किती लक्ष दिलं, याचे पुरावे जागोजागी आहेत. मोझार्टने १७७७ मध्ये ऑग्सबर्गहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात सांगितलं, की संथ रचनेत उजवा हात लयीशी खेळला तरी आपला डावा हात लय सोडत नाही, आणि हे तिथल्या लोकांच्या ध्यानातच येत नाही. मैफलीत गायक लयीला ओढून-सोडून गातो तरी तबल्याचा ठेका हलत नाही, तेच इथे एका माणसाच्या दोन हातांत घडायचं असतं. याच मोझार्टने १७८८ मध्ये आपल्या रचनांच्या वहीत एका छोट्या सोनाटावर ‘नवशिक्यांसाठी’ अशी नोंद केली. ही सोनाटा सुरू होते तेव्हा डावा हात तीन स्वर मोडून-मोडून एकसारखे वाजवत राहतो आणि उजवा त्यावर गातो. ऐकायला अगदी साधं वाटतं. डावा जरा जड पडला, की सगळं बिघडतं.

बाखने १७२० मध्ये आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, एक वही सुरू केली. पहिल्याच छोट्या रचनेत त्याने बोटांचे आकडे स्वतः लिहून दिले. पुढे त्या वहीतल्या दोन आवाजांच्या पंधरा रचना त्याने १७२३ मध्ये नीट लिहून काढल्या. आज त्या ‘इन्व्हेन्शन्स’ म्हणून जगभर शिकवल्या जातात. पहिलीत उजवा हात एक छोटी स्वरावली वाजवतो आणि अर्ध्या मात्राखंडानंतर डावा तीच खालच्या सप्तकात म्हणतो. डावा इथे साथीदार नाहीच. शूमानने १८४८ मध्ये थोरल्या मुलीच्या, मारीच्या, सातव्या वाढदिवसाच्या निमित्ताने जो संग्रह सुरू केला, त्यात ४३ रचना आहेत. त्यातल्या ‘आनंदी शेतकरी’त चाल डाव्या हाताकडे आहे. बार्टोकच्या ‘मिक्रोकॉस्मोस’मध्ये १५३ रचना आहेत, पहिले दोन भाग त्याने आपल्या मुलाला, पेटरला, अर्पण केले. त्यांची सुरुवातच अशी, की पहिल्या सहा तुकड्यांत दोन्ही हात एकच चाल वाजवतात.

ही पुस्तकं वडिलांनी आपल्या मुलांसाठी घरात बसून लिहिली, हे आपल्या मंडळींनी मनावर घ्यावं. परीक्षांना विरोध करायचं कारण नाही. संगीताच्या परीक्षा घेणारी लंडनची असोसिएटेड बोर्ड ही संस्था १८८९ पासून आहे, आठ श्रेण्यांची तिची उतरंड शिस्त लावते. पण परीक्षेसाठी तयार केलेल्या तीन रचना वर्षभर घोटायच्या आणि दुसरं काहीच वाचायचं नाही, असं झालं की मूल पियानोला कंटाळतं. मुलाला शिकवणीला सोडून गाडीत बसून राहण्यापेक्षा पालकांनी स्वतः शिकायला लागावं. घरी मुलाने उजवा हात वाजवावा, आईने किंवा बाबांनी डावा. चार दिवसांनी अदलाबदल करावी. दोघेही नवशिके असले तर अधिक चांगलं, कारण कोणी कोणाला घाई करत नाही.

गणेशोत्सवात आरती वाजवायची असेल, तर डाव्या हाताची करंगळी षड्जावर आणि अंगठा पंचमावर ठेवावा. तानपुऱ्याची आस पियानोला नाही, सूर विरतो, म्हणून हे दोन स्वर दर आवर्तनाला पुन्हा वाजवावे लागतात. कीबोर्डची आपोआप साथ देणारी कळ तेवढी बंद ठेवावी. ती चालू असेल तर डावा हात काहीच शिकत नाही. वाद्य घेतानाही ८८ पट्ट्यांचं आणि वजनदार पट्ट्यांचंच घ्यावं. हलक्या पट्ट्यांवर बोटांचा जोर मोजायची सवय लागत नाही. इमारतीत शेजाऱ्यांची अडचण असेल तर इलेक्ट्रॉनिक पियानोला हेडफोन लावता येतो.

रोजच्या रियाजात आधी एकट्या डाव्या हाताने दोन ओळी संथपणे वाजवाव्यात, मग एकट्या उजव्याने, आणि शेवटी दोन्ही हात त्याहूनही संथ. आधी बार्टोकचे ते सहा तुकडे, मग शूमानचा शेतकरी. तो गाता यायला लागला, डाव्या हातानेच, की बाखची पहिली इन्व्हेन्शन उघडावी.