चव्हाट्यावरचे दुःख



विद्वानांनी विषय मांडावेत आणि आमच्यासारख्यांनी मांडवात सतरंज्या घालाव्यात, अशी आजवरची वाटणी आहे. ती मोडून हमाल-मजुरांच्या एका कार्यकर्त्याला वसंत व्याख्यानमालेत उभे केले, हे चालकांचे धाडसच म्हटले पाहिजे. त्याची शिक्षा तुम्हांला अर्धा तास भोगावी लागेल!

अलीकडे माणसे आपले अगदी खाजगी दुःख फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर उघड सांगू लागली आहेत. कोणी नवऱ्याची मारहाण सांगते, कोणी लहानपणी जवळच्याच माणसाने केलेला अत्याचार, कोणी घरातल्या आत्महत्येची हकीकत. यावर आपल्याकडचा ठरलेला शेरा असा, की घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला आणायची? झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकावी हे खरे. पण मुठीत निखारा असेल तर ती किती वेळ झाकायची? हा उपदेश नेहमी वरून खाली केला जातो, हेही ध्यानात घ्या. सासू सुनेला करते, मालक मजुराला करतो, गाव वस्तीला करते. ज्याचा हात भाजत नाही त्यालाच मुठीची किंमत सव्वा लाख वाटते.

आणि ही चाल मोबाईलने काढलेली नाही. 1855 साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे नावाच्या मांग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय' पत्राने दोन अंकांत छापला. त्याच्या मथळ्यातच 'मांग महाराच्या दुःखाविषयी' असे शब्द आहेत. पुढे 1978 साली दया पवारांचे 'बलुतं' आले, तेव्हा आपल्याच माणसांपैकी कित्येकांना ते रुचले नाही. आपली लक्तरे वेशीवर का टांगली, असे त्यांना वाटले. पण मुक्ताला छापखाना लाभला, पवारांना प्रकाशक मिळाला. ज्यांना दोन्ही मिळत नाही, त्यांच्या हाती आज फोन आहे. त्यांनी तो वापरला तर नाक मुरडण्याचा अधिकार मला तरी दिसत नाही.

'मी टू', म्हणजे 'माझ्याही बाबतीत', या शब्दांचे उदाहरण घ्या. 2006 साली तराना बर्क या अमेरिकेतल्या कृष्णवर्णी कार्यकर्तीने ते प्रथम वापरले. अत्याचार सोसलेल्या मुलींना, तू एकटी नाहीस, हे कळावे एवढ्यासाठी. तेव्हा जगाने कान दिला नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये एका नटीने तेच शब्द लिहिले आणि बघता बघता ते जगभर गेले. 2018 मध्ये आपल्या देशातही आले. पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी बदनामीचा खटला भरला. 17 फेब्रुवारी 2021 रोजी दिल्लीच्या न्यायालयाने रमाणींना निर्दोष सोडले आणि सांगितले, की स्त्रीला आपली तक्रार तिला वाटेल त्या व्यासपीठावर, कित्येक वर्षांनंतरही, मांडता येते. सांगण्याचा हक्क एवढा पक्का झाला.

माझी तक्रार सांगणाऱ्याविषयी नाहीच. ती ऐकणाऱ्याविषयी आहे.

2019 सालची गोष्ट सांगतो. एका कारखान्यात कामावर असताना आमच्या संघटनेतल्या एका बाईची दोन बोटे यंत्रात गेली. भाच्याने तिचा रडतानाचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला. हजारोंनी पाहिला. हात जोडल्याची चित्रे आली, रडके चेहरे आले, 'ताई, खंबीर राहा' असे निरोप आले. चौथ्या दिवशी सगळे शांत. मालकाच्या वकिलाने मात्र तो व्हिडिओ नीट जपून ठेवला होता. कारण बोलण्याच्या भरात बाई म्हणाली होती, 'माहंच ध्यान नोतं.' त्या वेळच्या 1923 च्या भरपाई कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा होता. तिथे उपयोगी पडले काय? हजेरीचे कार्ड, डॉक्टरचा दाखला आणि शेजारच्या यंत्रावरची, साक्ष द्यायला आलेली दुसरी बाई. हजारोंनी पाहिले, पण साक्षीला एकटी उभी राहिली.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे चरित्र मी पुन्हा पुन्हा वाचतो, ते याच कारणाने. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. तिथेही दुःखेच सांगितली गेली असतील: कोणाचा हात तुटलेला, कोणाचा पगार अडकलेला. लोखंड्यांनी ती ऐकली आणि त्यांच्या मागण्या केल्या. आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत वेतन. त्याखाली साडेपाच हजार कामगारांच्या सह्या घेतल्या. 24 एप्रिल 1890 च्या दहा हजारांच्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या काळी! आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारी तुम्ही-आम्ही उशिरा उठतो ते त्या सह्यांवर.

आता घराजवळ येऊ. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वे मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्यावर उद्‌घाटनाला वैशाली येडे यांना बोलावले. त्या शेतकऱ्याच्या विधवा आणि अंगणवाडीत काम करणाऱ्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसविलेल्या 'तेरवं' या नाटकात अशा विधवाच रंगमंचावर उभ्या राहतात. त्यांत त्याही होत्या. सहगलांना नाकारले हे मला पटलेले नाही. पण येडेताई त्या मंचावर बोलल्या, महाराष्ट्र गहिवरला, पुष्कळ टाळ्या पडल्या. त्याच वर्षी त्या आपल्या यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून लोकसभेला उभ्या राहिल्या आणि पडल्या. मत कोणाला द्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण टाळ्या किती आणि मागून आलेली माणसे किती, हा हिशेब संघटनेतल्या माणसाला सुचल्याशिवाय राहत नाही.

कारण टाळ्या पडत असताना तहसिलीत काय चालते? 2006 च्या शासन निर्णयाप्रमाणे आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपये द्यायचे ठरले; तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेव म्हणून. त्यासाठी जमीन दाखवा, कर्ज दाखवा, वसुलीचा तगादा दाखवा. मग कागदावर शब्द येतो, 'पात्र' किंवा 'अपात्र'. भूमिहीन मजुराची बायको तर त्या रांगेत उभीच राहू शकत नाही. आणि अंगणात कोणीतरी फोन उंच धरून तिचे रडणे टिपत असतो. तिला विचारले का? ते चित्र सासरी जाईल, पोरांच्या शाळेत जाईल, आणि पुढे कधी तिला नकोसे वाटले तर परत बोलावता येणार नाही. स्वतःचे दुःख स्वतः सांगणे वेगळे, आणि दुसऱ्याने ते उचलून नेणे वेगळे. ज्याचे दुःख, त्याचीच त्यावर मालकी हवी. बलात्कार सोसलेल्या स्त्रीचे नाव उघड करणे हा तर गुन्हाच आहे.

आणखी एक. 2013 च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती नेमायची असते. जिथे दहापेक्षा कमी माणसे कामाला आहेत तिथल्या बाया, घरकाम करणाऱ्या बाया, किंवा जिची तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे अशी बाई, यांनी लैंगिक छळाची तक्रार तिथे करायची. तीन महिन्यांच्या आत, लेखी. आणि तिचे नाव गुप्त राहते. निंदणाच्या टोळीतल्या बायांना मी विचारतो, ही समिती माहीत आहे काय? बहुतेक नाही म्हणतात. मग त्यांतली एखादी हिंमत करून फोनवर सांगते, आणि आपण म्हणतो, काय हा निलाजरेपणा!

सभा संपल्यावर मी आणि आमचे दोघे कार्यकर्ते मांडवाच्या डाव्या बाजूला टेबलाशी बसणार आहोत. कोणाचे प्रकरण 'अपात्र' म्हणून परत आले असेल तर ते पत्र आणि सातबारा घेऊन यावे. आज कागद जवळ नसतील तर उद्या सकाळी दहाला या. ज्यांना चारचौघांत बोलायचे नाही त्यांच्यासाठी मागे एक खोली उघडी ठेवायला व्यवस्थापकांना सांगितले आहे. तिथे फोन बाहेर ठेवून जायचे.