रेघेखालचा त्रिकोण

एक आडवी रेघ. तिच्या टोकाकडून निघालेला तिरपा बाण दोन पत्र्यांच्या सांध्याला टेकलेला. रेघेखाली छोटासा काटकोन त्रिकोण; त्याच्या डावीकडे ६ हा आकडा, उजवीकडे ५०, मग बारीक आडवी खूण आणि १५०. श्रोत्यांनी पेन्सिल हातात घेतली, तर अर्ध्या मिनिटात हे चित्र कागदावर उतरेल. भोसरी, चाकण किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्या वेल्डरपुढे अशाच खुणा येतात. वेल्ड कुठे, केवढा आणि किती लांब मारायचा, हे त्याला त्यावरूनच ठरवायचं असतं.

त्रिकोण म्हणजे फिलेट वेल्ड. एका पत्र्यावर दुसरा उभा केला की जो कोपरा होतो, त्यात भरलेला धातू. साध्या फिलेटसाठी पत्र्याच्या कडा तिरप्या कापाव्या लागत नाहीत, त्यामुळे फॅब्रिकेशनमध्ये हाच वेल्ड सर्वांत जास्त दिसतो. त्रिकोणाची उभी बाजू ड्रॉइंगवर कायम डावीकडेच काढतात, प्रत्यक्षातला कोपरा कुठल्याही दिशेला असो. नवा शिकाऊ त्रिकोणाचं तोंड पाहून वेल्डची बाजू ठरवायला जातो आणि तिथेच चुकतो. बाजू सांगतो तो बाण, आणि त्रिकोण रेघेच्या वर आहे की खाली ही गोष्ट.

अमेरिकी पद्धतीत, म्हणजे एडब्ल्यूएस ए२.४ या मानकात, रेघेखालचा त्रिकोण बाणाकडच्या बाजूचा आणि रेघेवरचा पलीकडच्या बाजूचा. दोन्हीकडे त्रिकोण असेल, तर वेल्डही दोन्हीकडे. युरोपात रुळलेली पद्धत वेगळी आहे. तिथे अखंड रेघेच्या जोडीला एक तुटक रेघ असते. अखंड रेघेवरचा त्रिकोण बाणाकडचा, तुटक रेघेवरचा पलीकडचा. वर-खाली असण्याला तिथे महत्त्व नाही. आयएसओ २५५३ या मानकाने २०१३ मध्ये दोन्ही पद्धती, युरोपीय ‘ए’ आणि अमेरिकी धाटणीची ‘बी’ अशा नावांनी, एकाच पुस्तकात शेजारी शेजारी ठेवल्या. म्हणून आधी ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत मानकाचं आणि पद्धतीचं नाव पाहावं, मगच त्रिकोणाकडे वळावं.

खरा घोळ मात्र आकड्यात आहे.

अमेरिकी ड्रॉइंगवरचा ६ म्हणजे लेग, म्हणजे पत्र्यावर पसरलेल्या वेल्डच्या बाजूची लांबी. आयएसओच्या युरोपीय पद्धतीच्या ड्रॉइंगवर आकड्याआधी इंग्रजी अक्षर असतं. ‘झेड ६’ असेल तर लेग ६ मिलिमीटर. ‘ए ६’ असेल तर थ्रोट ६ मिलिमीटर, म्हणजे कोपऱ्याच्या मुळापासून वेल्डच्या तिरप्या पृष्ठभागापर्यंतचं सर्वांत कमी अंतर. दोन्ही लेग सारखे असले, तर थ्रोट लेगच्या साधारण ०.७ पट भरतो. ‘ए ६’ वाचून वेल्डरने लेग ६ चा मारला, तर थ्रोट जेमतेम ४.२ मिळतो आणि फिलेटची ताकद मोजतात ती थ्रोटवर. सांधा सुमारे तीस टक्के कमजोर झाला, तरी बाहेरून तो स्वच्छ आणि सुबक दिसू शकतो. उलट ‘झेड ६’ च्या जागी थ्रोट ६ चा मारला, तर लेग साडेआठपर्यंत जातो आणि धातू दुप्पट लागतो: वेल्डचा छेद १८ चौरस मिलिमीटरवरून ३६ वर. वायर जाते, वेळ जातो, आणि जास्तीच्या उष्णतेने जॉब ओढला जाऊन वाकतो. ड्रॉइंगवरच्या सगळ्या खुणांमध्ये या एका अक्षराइतकी काळजी दुसऱ्या कशाचीच घ्यायला नको.

त्रिकोणाच्या उजवीकडचे आकडे लांबीचे. अमेरिकी ५०-१५० म्हणजे ५० मिलिमीटरचा तुकडा, आणि एका तुकड्याच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत १५०. युरोपीय पद्धतीत १५० कंसात येतो, तेव्हा तो दोन तुकड्यांमधल्या मोकळ्या जागेचा आकडा असतो. लांब सांध्यावर पहिल्या वाचनाने मीटरमागे सुमारे ३३३ मिलिमीटर वेल्ड पडतो, दुसऱ्याने २५०. म्हणजे कंस नजरेतून सुटला, तर चौथ्या भागाचा फरक.

बाण आणि रेघ जुळतात तिथे गोल असेल, तर वेल्ड सांध्याभोवती पूर्ण फिरवायचा. तिथेच छोटा झेंडा असेल, तर तो वेल्ड शॉपमध्ये मारायचाच नाही, साइटवर उभारणीच्या वेळी मारायचा.

काम झाल्यावर तपासणीलाही आकड्याआधीचं ते अक्षर लागतं. वेल्ड खोलगट झाला असेल, तर लेग मोजून पूर्ण ६ भरतो आणि थ्रोट मात्र ४.२ च्याही खाली गेलेला असतो. ड्रॉइंगवर ‘ए’ लिहिलेलं असताना लेगचं गेज लावून जॉब पास करणं म्हणजे भलतंच माप तपासणं. तिथे गेज थ्रोटचंच लावावं लागतं.