पाइप वाकवण्याची भाषा

विजेच्या तारा ज्या पाइपातून नेतात तो कॉन्ड्युट. कागदावरच्या रेषेसारखा तो कोपऱ्यात मोडत नाही, गोलाईत वळतो. त्यामुळे खूण एकीकडे होते आणि बेंड दुसरीकडे येतो. या कामातले बहुतेक शब्द हा फरक सांभाळण्यासाठीच रुळले आहेत.

आडवा पाइप 90 अंशांत वर उचलला की उभ्या भागाला स्टब-अप म्हणतात. त्याच्या उंचीतला जो हिस्सा गोलाईच भरून काढते, तो टेक-अप. पातळ पोलादी पाइपाच्या अमेरिकी हँड-बेंडरवर अर्धा इंची पाइपाचा टेक-अप 5 इंच, पाऊण इंचीचा 6 आणि एक इंचीचा 8 इंच धरतात. अर्धा इंची पाइप 12 इंच उभा हवा, तर टोकापासून 7 इंचांवर खूण करून ती बेंडरच्या बाणाशी जुळवायची आणि जोर पायाने द्यायचा. नुसता दांडा ओढला तर पाइप चेपतो.

वाटेत बीम आला की समान कोनाचे, उलट दिशांचे दोन बेंड देऊन पाइप सरकवतात. हा ऑफसेट. दोन खुणांमधले अंतर काढायला अडथळ्याची उंची गुणकाने गुणतात: 30 अंशांना 2, 45 अंशांना 1.4. यात जादू काही नाही. तिरका भाग हा कर्ण, आणि 30 अंशांसमोरची बाजू कर्णाच्या निम्मी, हे शाळेच्या भूमितीतलेच. म्हणजे 6 इंचांच्या अडथळ्याला खुणा 12 इंचांवर. पण तिरके जाण्यात पाइपाची पोच घटते, हा श्रिंक. 30 अंशांत तो अडथळ्याच्या दर इंच उंचीला पाव इंच, म्हणजे येथे दीड इंच. अडथळ्यापर्यंतच्या अंतरात तो आधीच मिळवून खूण करावी लागते. दोन्ही बेंड एका पातळीत आले नाहीत, तर जमिनीवर ठेवलेल्या पाइपाचे एक टोक उचललेले राहते. हा डॉगलेग, पाइपावर आधी लांब सरळ रेघ मारली की तो टळतो.

आडव्या आलेल्या नळीवरून पाइप पुन्हा मूळ रेषेत उतरवला की सॅडल होतो: मधला बेंड 45 अंशांचा, बाजूचे साडेबावीसचे. आपल्याकडच्या दुकानात मात्र सॅडल मागितले तर पाइप भिंतीला धरणारी पट्टी हातात पडते.

आपल्या घरांतला पीव्हीसी पाइप बहुधा आत स्प्रिंग घालून गुडघ्यावर वाकवतात. सोडल्यावर तो थोडा उलगडतो, म्हणून हव्या कोनापेक्षा किंचित जास्त वाकवायचा. लांब पाइपात स्प्रिंगला दोरी बांधलेली बरी, नाहीतर ती आतच अडकते.

अमेरिकी विद्युत संहितेनुसार तार ओढण्याच्या दोन जागांमधल्या बेंडांची बेरीज 360 अंशांपुढे जाता कामा नये. ऑफसेटचे दोन्ही कोनही त्यात धरतात. वळणे वाढली की घर्षण वाढते आणि ओढताना तारेचे आवरण सोलवटते. म्हणून मध्ये एखादा बॉक्स बसवतात.