लेकराचा शब्द खरा माना
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय चारचौघांत बोलायला संकोच वाटावा असा आहे. परंतु आपल्या संकोचाचा फायदा मुलांना होत नाही, त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्याला होतो. म्हणून बालकांच्या लैंगिक शोषणाविषयी आज स्पष्ट बोलू.

अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नको, असे आपण मुलांना बजावतो. ते योग्यच आहे, पण पुरेसे नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. तीत १२,४४७ मुलांना प्रश्न विचारले होते. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचे लैंगिक शोषण सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगेही मोठ्या संख्येने होते. शोषण करणारे सुमारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे वा विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती.

मुले का सांगत नाहीत? कधी धमकी असते, कधी खाऊची लालूच, तर कधी "हे आपले गुपित" अशी गळ. शिवाय, सांगितले तर आपल्यालाच मार बसेल ही भीती. मामा, काका, शेजारी, शिकवणीचे सर यांच्याविषयी मूल काही बोलू लागले की आपण म्हणतो, "ते तसे नाहीत." तेवढ्याने मुलाचे तोंड कायमचे बंद होते. तपास करणे पोलिसांचे काम आहे. मुलाचे ऐकून त्याच्यावर विश्वास ठेवणे आपले काम आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराची तक्रार पुढे आली. संतापलेले लोक रेल्वे रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पोलिसांत नोंद व्हायला लागलेला विलंब आणि शाळेचे वर्तन, दोन्हींवर प्रश्न उभे राहिले.

या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही तो संरक्षण देतो. गुन्हा घडल्याचे कळूनही पोलिसांना न कळविणे हाच गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविला तर एक वर्षापर्यंत. तेव्हा शाळेच्या अब्रूसाठी किंवा समाजात बोभाटा नको म्हणून प्रकरण आपसांत मिटविण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना नाही, तसा पंचांनाही नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, पोलिसांनी तेव्हा गणवेशात नसावे असा नियम आहे, आणि मुलाची ओळख गुप्त राहते.

मी बँकेत कारकून आहे. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. मग मुलांच्या बाबतीत नियमांचा संकोच का? शाळेत नोकरीला घेताना प्रत्येकाची, कंत्राटी माणसाचीही, पोलीस पडताळणी व्हावी. शिकवणीचे दार उघडे असावे. शाळेच्या सहलीला व आपल्या संस्थेच्या शिबिरांना एकटे मूल एकट्या मोठ्या माणसाच्या हवाली करू नये.

घरी मुलांना सर्व अवयवांची नावे न लाजता शिकवा. नको असलेल्या स्पर्शाला "नाही" म्हणण्याची मुभा द्या, पाहुण्याची पापी घेण्याची सक्ती करू नका. स्पर्शाबाबत कोणतेही गुपित ठेवायचे नसते, हे पुन्हा पुन्हा सांगा. मूल एकाएकी कोणाकडे जायला घाबरू लागले, गप्प झाले, अंथरूण ओले करू लागले, तर रागावू नका. जवळ घेऊन शांतपणे विचारा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणासोबत असे घडले असेल, तर दोष तुमचा नाही. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. १०९८ हा मोफत क्रमांक पाठ करा.

बंधू-भगिनींनो, घराण्याची अब्रू लेकराच्या गप्प राहण्यावर टिकत नाही. त्याने धीर करून उच्चारलेले पहिले वाक्य आपण कसे ऐकतो, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.