भूल, गुंगी आणि अंमल
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीसमोर अफूवर बोलायला उभे राहणारे आम्ही या मंडपात बहुधा पहिलेच असू. पण आम्ही पडलो शासकीय रुग्णालयात औषधांच्या खिडकीवर बसणारी माणसं. फार्मसीचा डिप्लोमा घेतला हिंदी-इंग्रजीतून, घरात चालते ती इंदुरी मराठी. या येण्या-जाण्यात काही शब्द असे भेटले, जे आपल्याच लोकांची पंचाईत करतात.

शस्त्रक्रियेआधी मराठीत 'भूल' देतात. हिंदीत भूल म्हणजे चूक. आपल्या एखाद्या आजींनी वॉर्डात सांगितलं, "पिछली बार मुझे भूल दी थी," तर नर्सबाईंना वाटणार, आजी तक्रार करताहेत. दाताच्या डॉक्टरकडे आपली हिरडी 'बधिर' होते. हिंदीत बधिर म्हणजे बहिरा. औषधानं आपल्याला 'गुंगी' येते. हिंदीत गूंगी म्हणजे मुकी बाई. उलट त्यांचं अंग 'सुन्न' होतं, तर आपल्याकडे सुन्न होतं ते माणूस, वाईट बातमी ऐकून. हसायला ठीक आहे. पण पूर्वी भूल दिली तेव्हा काही त्रास झाला होता का, हा भूलतज्ज्ञांचा प्रश्न गमतीचा नसतो. आजींचं उत्तर 'बेहोशी'च्या हिंदीत नीट पोचवणं हे सोबत गेलेल्या नातवाचं काम.

तरी भूल हा शब्द आम्हाला फार आवडतो. रानात भूल पडते, रूपाची भूल पडते, आणि ऑपरेशनच्या टेबलावर भूल देतात. तिन्हीकडे माणूस तिथंच असतो, भान तेवढं दुसरीकडे गेलेलं असतं. आपल्या शेजारच्या धारच्या भोजराजाची गोष्ट 'भोजप्रबंधा'त आहे. वैद्यांनी राजाला मोहचूर्ण देऊन बेशुद्ध केलं, कवटी उघडून दुखण्याचं मूळ काढलं आणि मग संजीवनी देऊन शुद्धीवर आणलं. ही दंतकथाच आहे, इतिहास म्हणून कुणी सांगू नये. पण मोह काय आणि भूल काय, कल्पना एकच. खरीखुरी भूल आली १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरनं, पुढच्याच वर्षी एडिंबरोत क्लोरोफॉर्मनं. क्लोरोफॉर्म कितपत सुरक्षित, याची मोठी तपासणी १८८८-८९ मध्ये निजामाच्या आश्रयानं हैदराबादेत झाली, हे तिकडच्या मराठी मंडळींनी जरूर मिरवावं.

आता अफू. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ रस. तो अरबीत 'अफ्यून' झाला आणि आपल्याकडे अफू. संस्कृत पंडितांनी त्याला 'अहिफेन', म्हणजे सापाचा फेस, असं रूप दिलं. माळव्यात आणि राजस्थानात अफूला नुसतं 'अमल' म्हणतात. मराठीत अंमल म्हणजे सत्ता, आणि दारूचाही अंमलच चढतो. त्यावरूनच 'अंमली पदार्थ'. म्हणजे अंमलदार, अंमलबजावणी आणि अंमली हे एकाच घरातले! सरकारी नोकरांनी यावर जास्त बोलू नये.

आपण माळव्यातले लोक या पिकाच्या अगदी जवळ राहतो. मंदसौर-नीमचकडे परवान्यावर अफूची शेती होते, बोंडांना चीरा देऊन चीक गोळा करतात, नीमचला सरकारी कारखाना आहे आणि साऱ्या देशाच्या नार्कोटिक्स खात्याचं मुख्यालय ग्वाल्हेरला. त्याच बोंडातली खसखस आपल्या अनारशांवर असते. पूर्वी कामावर जाणाऱ्या आया तान्ह्यांना निजवायला अफूची बाळगोळी देत. कितीतरी मुलं त्यातून उठलीच नाहीत. त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात या शब्दाची धास्ती आहे, ती उगाच नाही.

पण हीच धास्ती भलत्या जागी आडवी येते. अफूतलं वेदना मारणारं सत्त्व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सर्ट्युर्नर नावाच्या जर्मन तरुणानं वेगळं काढलं. तो औषधाच्या दुकानातला सहायक, म्हणजे आमच्याच बिरादरीतला. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याला नाव मिळालं, मॉर्फिन. आज कर्करोगाच्या असह्य वेदनांवर त्याची गोळी मिळते. १९८५ च्या कायद्याच्या धाकानं रुग्णालयं ती ठेवायलाच कचरत होती. २०१४ च्या दुरुस्तीनं वाट बरीच मोकळी केली. आणि आता चिठ्ठी हातात असताना नातेवाईकच खिडकीवर म्हणतात, "अफूच ना ती? नको, सवय लागेल." ज्यांचे महिने मोजलेले आहेत त्यांना कसली सवय लागणार? डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिननं व्यसन क्वचितच लागतं. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, म्हणून सोबतचं रेचक चुकवू नये. गोळी कुलपात ठेवावी, आणि मनानं कमी-जास्त करू नये.

याउलट झोपेच्या गोळीची आपल्याला मुळीच भीती वाटत नाही. "जोशीकाकांना लागू पडली" म्हणून शेजारी मागून घेतात! रात्री त्या गुंगीत उठून पडलेले आणि खुब्याचं हाड मोडलेले ज्येष्ठ वॉर्डात नेहमी दिसतात. तिला 'शांतीची गोळी' हे गोंडस नाव कुणी दिलं कोण जाणे.

शेवटी एक विनंती सोबत जाणाऱ्या तरुणांना. आपल्या मराठीत दुखणं एक नसतं. कळ येते, चमक मारते, ठणका लागतो, आग होते, मुंग्या येतात. तुम्ही या सगळ्याचं "दर्द है" करून टाकता. आजोबा "आग होते, मुंग्या येतात" म्हणाले, तर डॉक्टरांना "जलन है, झुनझुनी है" असंच सांगा. नसेच्या दुखण्याचं औषध वेगळं असतं, आणि ते चिठ्ठीवर यायचं की नाही, हे बऱ्याचदा त्या दोन शब्दांवर ठरतं.